बागायतीच्या राखणीसाठी पंप-अ‍ॅक्शन बंदूक : गोव्यातल्या नवख्यांसाठी

काजूच्या बोंडूंचा वास सुटला की सत्तरीपासून काणकोणपर्यंत चहाच्या गाड्यावर एकच विषय असतो: रानडुकरं. रात्रीत केळी उपटली, सुरण उकरला, वायंगणाचं (उन्हाळी) भात लोळवलं. मग कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ काढतो. त्यात एक माणूस बंदुकीची पकड खटाखट मागेपुढे करून पाच बार काढतो. पाठोपाठ प्रश्न येतो, "अशी आपल्याला मिळेल काय रे?"

मिळते. पण त्या व्हिडिओतला माणूस शिकारीला निघालेला असतो आणि तुम्ही निघालेले नसता. तुमची निवड या फरकापासून सुरू होते.

पायरी १ : बंदूक कशासाठी, हे कायद्याच्या भाषेत ठरवा

भारतात हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. कलम ९ शिकारीला मनाई करतं आणि शिकारीच्या व्याख्येत फक्त गोळी घालणं नाही, तर फासा लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही येतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत कलम ११ मध्ये वाट आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशातून जाते. तुमच्या शस्त्र परवान्यावर 'पीक संरक्षण' लिहिलं आहे म्हणून डुक्कर मारायची परवानगी मिळाली, असं नाही. हे दोन वेगळे कागद आहेत. गावोगावी हा गोंधळ आहे आणि माणसं त्यात अडकतात.

गवा रेड्याचं तर नावही काढू नका. तो राज्यप्राणी आहे आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. शिवाय छर्रे खाऊन जखमी झालेला गवा दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडू गोळा करणाऱ्या बायकांच्या वाटेवर उभा असतो, हा हिशेब कायद्याच्याही आधीचा आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. आदेश घेऊन मारलेलं जनावरही तुमचं होत नाही, ते सरकारची मालमत्ता असतं. ते ताब्यात आलं की ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. 'मटण वाटून घेतलं' हा बचाव नसतो, ती कबुली असते.

मग बंदूक उरते कशाला? बहुतेक राती ती आवाजासाठी असते. बार ऐकून कळप पांगतो. कधी आदेश हातात असेल तर त्याप्रमाणे एक नेमका बार. आणि हौस असेल त्याच्यासाठी नेमबाजीचं मैदान. या तिन्ही कामांना पाच बार लागत नाहीत, हे मनात ठेवून पुढे वाचा.

पायरी २ : परवाना, आणि ते दहा किलोमीटर

अर्ज केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि छापील प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. पीक संरक्षणासाठी अर्ज असेल तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा लागणारच. नाव आजोबांचंच राहिलं असेल (आपल्याकडे राहिलेलंच असतं), तर आधी ते निस्तरा. वैद्यकीय दाखला, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला हे ओघाने आलं. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका राहू शकतात. आजोबांची ठासणीची वारसाने नावावर यायची असेल तर ती या दोनात मोजा.

आता दहा किलोमीटरचं. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नाव नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. गोव्याचा नकाशा समोर धरा. पूर्वेला म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव अशी सलग माळ, मध्ये बोंडला. हे सगळ्यांना सुचतं. पण चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्यही अभयारण्यच आहे. त्यामुळे खुद्द पणजी शहरही त्या दहा किलोमीटरांत येतं. 'मी कुठे रानात राहतो' म्हणून हा मुद्दा सोडू नका. फाइल नेमकी इथे अडते, आणि का अडली हे कुणी सांगत नाही.

दुकानदार शेजारच्या राज्यात असेल तर तुमचा परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते आधी वाचा. दोडामार्ग किंवा चोर्ला ओलांडून बंदूक घेऊन येणं हा रोजच्या बसचा प्रवास असला, तरी कागदावर ते दुसरं राज्य असतं.

पायरी ३ : पंपच हवी का?

पंप-अ‍ॅक्शनची रचना सरळ आहे. नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक भरलेली. पुढची पकड मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि घोडा पुन्हा ताणला जातो. पुढे ढकलली की नवं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी बार होतो त्या जागेत बसतं. सगळं काम तुमच्या हाताच्या जोरावर होतं, म्हणून काडतूस हलकं असो वा भारी, तिला फरक पडत नाही. विंचेस्टरचं १८९७ चं मॉडेल जॉन ब्राउनिंगने रचलं, १९५० साली रेमिंग्टन ८७० आली, पुढच्या दशकात मॉसबर्ग ५००. या घराण्याचं नाव भरवशासाठीच झालेलं आहे.

पण तिचा भरवसा हाताच्या सवयीवर असतो. नवखा माणूस घाईत पकड पूर्ण मागे नेत नाही. रिकामं अर्धवट निघतं, नवं अर्धवट चढतं आणि बंदूक अडकते. रात्री दोन वाजता, बॅटरी काखेत धरून, हा गुंता सोडवायला बसणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) मधून उघडली की दोन्ही चेंबर उघडे दिसतात. भरलेली आहे की रिकामी, हे अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. पंपमध्ये चेंबर रिकामं दिसतं आणि खालच्या ट्यूबमध्ये काडतूस बसलेलं असतं. एकदा पकड हलली की ते वर येतं. घरात मुलं असतील, मांगरात (बागेतल्या खोपीत) कामाची माणसं येत-जात असतील, तर माझं मत दुनळीच्या बाजूने आहे. लांबीतही दुनळी फायद्याची, कारण तेवढ्याच नळीला पंप सुमारे चार इंच जास्त लांब होते. काजूच्या खाली वाकून जाणाऱ्याला ते चार इंच जाणवतात.

एवढं ऐकूनही पंप घ्यायची असेल तर नियमित सराव करायची तयारी ठेवा. ज्याला मैदानावर जायला सवड नाही त्याने हा लेख इथेच सोडून दुनळी बघावी.

पायरी ४ : आधी काडतूस, मग बंदूक

हा क्रम उलटा वाटतो, पण गोव्यात तोच बरोबर आहे. सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करण्याची वाट १९८० च्या दशकापासून बंद आहे. बाजारात दिसणारी रेमिंग्टन किंवा मॉसबर्ग ही जुनी, हात बदलत आलेली असते. तिचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा भाग) मोडला तर सुटा भाग कुठून आणणार? नवी देशी पंप घ्यायची तर तिरुचिरापल्लीच्या सरकारी आयुध कारखान्याची १२ बोअर आहे. २०२१ पासून हा कारखाना अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीखाली येतो. परवानाधारक खासगी कारखान्यांच्याही मिळतात. नावाच्या रुबाबापेक्षा दुरुस्ती आणि सुटे भाग कोण देणार हे दुकानदाराकडून आधी वदवून घ्या.

बोअर १२ च घ्या. बाराची गोष्ट अशी, की नळीच्या मापाच्या बारा शिसाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतो. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. दुकानात सहज मिळतात ती खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं याच मापाची. १६ किंवा २० बोअरची जुनी बंदूक स्वस्तात मिळाली तरी काडतुसांसाठी वणवण होते. आणि एक धोका कायमचा लक्षात ठेवा: २० चं काडतूस चुकून १२ च्या नळीत टाकलं तर ते घसरून पुढे जाऊन अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, तुम्ही मागे १२ चं भरता, आणि नळी फुटते. दोन मापांची काडतुसं एका पिशवीत कधी ठेवू नयेत ती यासाठी.

मग चेंबरची लांबी. नव्या बंदुकांत ७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते, जुन्या युरोपी बंदुकांत बऱ्याचदा ६५. काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, पण बार होताना तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब भलताच चढतो. बसतं म्हणजे चालतं, असं इथे नाही. नळीच्या बुडाशी आकडा कोरलेला असतो, तो वाचा. पोर्तुगीज अमदानीतल्या जुन्या बंदुकीवर आकडा दिसला नाही तर जाणत्या कारागिराने मोजल्याशिवाय तिच्यात काही घालू नका.

पायरी ५ : नळी, चोक आणि अंगाला बसणं

आपल्या शस्त्र नियमांत २० इंचांहून आखूड नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक प्रतिबंधित वर्गात मोडते. नळी कापून 'हलकी' करून देणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून दूर राहा. २४ ते २८ इंचांत बागायतीचं काम भागतं.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेलं आकुंचन. चाळीस यार्डांवर, म्हणजे छत्तीस-सदतीस मीटरवर, तीस इंचांच्या वर्तुळात किती छर्रे पडतात यावर त्याचा हिशेब चालतो: सिलिंडरमध्ये (आकुंचन नसलेल्या नळीत) सुमारे ४० टक्के, हाफमध्ये ६०, फुलमध्ये ७०. झाडीत अंतर कमी असतं, म्हणून सिलिंडर किंवा हाफ पुरे. फुल चोक घेऊन 'लांब मारते' म्हणणाऱ्याला छर्रे किती लांब जातात याची कल्पना नसते. सहा नंबरचा छर्राही दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, एलजीसारखा मोठा छर्रा पाचशे मीटरच्याही पुढे. आपल्या वाड्यांत पाचशे मीटरांत काय काय येतं ते आठवा: शेजाऱ्याचा मांगर, देवळाची पायवाट, लाकडं गोळा करणारी माणसं. मागे मातीचा चढ असल्याशिवाय बार नाही, हा नियम चोकच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. अंधारात सळसळ ऐकून बार काढला आणि पलीकडे माणूस निघाला, अशा बातम्या आपल्याच तालुक्यांतून येतात.

बंदूक अंगाला बसते का, हे दुकानातच पाहा. डोळे मिटून खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. नजर नळीवरून सरळ जात असेल तर ठीक. परदेशी दस्ते उंच माणसांच्या मापाचे, साधारण चौदा इंचांचे असतात. आपल्या अंगाला अर्धा इंच कमी लागतो, आणि आखूड हाताला पकड पूर्ण पुढे ढकलता आली नाही तर वर सांगितलेली अडकण ठरलेली.

डावखुऱ्यांसाठी एक सूचना. बहुतेक पंप उजवीकडे रिकामं फेकतात, म्हणजे ते डावखुऱ्याच्या तोंडासमोरून जातं. मॉसबर्ग ५०० चा सुरक्षा खटका बंदुकीच्या पाठीवर, दस्त्याच्या लगत असतो, तो दोन्ही हातांना सारखा. इथाका ३७ रिकामं खालून टाकते. जुन्यात अशी काही हाती लागली तर डावखुऱ्याने ती बघण्यासारखी आहे.

पायरी ६ : दुकानात तपासणी

परवाना दाखवून, दुकानदाराच्या परवानगीने, आणि डमी (दारू नसलेली) काडतुसं घेऊन. खरी काडतुसं दुकानात भरायची नसतात. पहिलं काम, पकड मागे घेऊन चेंबरमध्ये बोट घाला आणि ट्यूबच्या तोंडातही बोट घाला. नुसतं बघून भागत नाही.

घोडा ताणलेला असताना, पकड सोडवणारी खटकी न दाबता पकड मागे ओढून पाहा. ती हलता कामा नये. हलली तर कुलूप झिजलंय. मग डमी काडतुसं भरून आधी सावकाश, नंतर जोरात, नंतर बंदूक आडवी करून चालवा. प्रत्येक वेळी रिकामं लांब पडायला हवं, पायाशी नाही. पकडीला जोडलेल्या पट्ट्या दोन्ही बाजूंना आहेत का ते पाहा. एकाच पट्टीची रचना वाकडी ओढली की अडते. काही जुन्या मॉडेलांत चाप दाबून धरला आणि पकड पुढे ढकलली तर आपोआप बार होतो. विंचेस्टर ९७ तशी आहे, जुन्या इथाकाही. जाणत्याला ती गंमत वाटते, पण नवख्याने तिकडे जाऊ नये.

नळी उजेडाकडे धरून बुडाकडून पाहा. आतल्या सावलीच्या कडा सरळ हव्यात. मध्येच कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे आणि सौदा तिथेच संपला. गंजाचे बारीक खड्डे चेंबरमध्ये असतील तर ते तोंडाशी असलेल्या खड्ड्यांपेक्षा वाईट, कारण काडतूस तिथे चिकटतं आणि पंपमध्ये ते सोडवायला तुमच्या दंडाशिवाय कोणी नाही. चाचणीचा शिक्का आणि क्रमांक वाचा, क्रमांक कागदाशी ताडून पाहा. दस्त्याच्या मनगटाशी चीर नाही ना, तेही.

लाकडाचा की प्लॅस्टिकचा दस्ता? देखणं लाकूडच. पण आपल्या पावसात मी प्लॅस्टिक म्हणेन.

पायरी ७ : पाऊस, खारा वारा आणि बंदूक

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, घाटाच्या पायथ्याला त्याहूनही जास्त, आणि किनाऱ्याला खारी हवा. इथे बंदूक वापरून झिजत नाही, ठेवून गंजते. काळसर निळी झिलई दिसायला छान, पण घामाचा हात लागला की चार दिवसांत लालसर ठसा उमटतो. खरखरीत फॉस्फेटची झिलई तेल धरून ठेवते, ती आपल्याला बरी. निकेलची मिळाली तर उत्तम.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा तरी बंदूक बाहेर काढा. कातड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत बंद करून ठेवायची नाही, ती ओल ओढते. पंपमध्ये जो भाग सगळे विसरतात तो म्हणजे काडतुसांची ट्यूब. पुढची टोपी काढून स्प्रिंग बाहेर घ्या (ती उसळते, तोंडासमोर धरू नका), ट्यूब कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा नुसता हात फिरवा. चेंबर ब्रशने घासून कोरडं ठेवा. तेल जास्त झालं तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपतं आणि बार फुसका जातो. लाकडी दस्ता असेल तर साफ केल्यावर बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात उतरून लाकूड सडवत नाही.

काडतुसं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पितळी बुडावर हिरवट थर आला, प्लॅस्टिकचं अंग फुगलं, की ते काडतूस वापरायचं नाही आणि परसात पुरायचंही नाही. दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच पकड उघडा. उशिरा पेटणारं काडतूस असतं. 'फुस्स' असा बारीक आवाज झाला तर नळीत बूच अडकलेलं असू शकतं. नळी आरपार बघितल्याशिवाय दुसरं काडतूस चढवणं म्हणजे नळी फोडणं.

पायरी ८ : घरी आल्यावर

खरेदीची नोंद परवान्यावर मुदतीत करून घ्या. बंदूक कुलूपबंद, काडतुसं दुसऱ्या जागी कुलूपबंद, आणि मांगरात रात्रभर ठेवून घरी जेवायला येणं बंद. लग्नात, चतुर्थीत, शिगम्यात हवेत बार काढणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघतो, तेव्हा पोलीस ठाण्यात देताना पावतीवर क्रमांक आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. परत घेताना ट्यूब आणि नळी तिथेच तपासा, कारण ती पावसाळाभर तेलाविना पडून राहिलेली असू शकते.

आणि बंदुकीच्या पैशात हात घालण्याआधी कृषी खात्यात जाऊन कुंपणाच्या योजनेची चौकशी करा. सौर कुंपणाला आणि साध्या कुंपणालाही अनुदान मिळतं. चिऱ्याचा गडगा आणि वर दोन विजेच्या तारा रात्रभर जाग्या राहतात, त्यांना परवाना लागत नाही. फक्त तारांना घरची वीज थेट जोडायची नाही. कुंपणाच्या यंत्राचा झटका वेगळा असतो, आणि घरच्या विजेने माणूस किंवा जनावर मेलं तर पुन्हा तोच वन्यजीव कायदा आणि वर पोलीस केस.